मान्यवरांचा शब्द आणि विज्ञानाचा भरवसा



फ्रान्सेस आर्नल्ड यांना २०१८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उत्क्रांतीची प्रक्रिया प्रयोगशाळेत राबवून एन्झाइमांकडून हवे ते काम करून घेण्याची पद्धत त्यांनी विकसित केली होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या गटाचा एक निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पेनिसिलिनसारख्या प्रतिजैविकांच्या रेणूत बीटा-लॅक्टम नावाचे जे कडे असते, ते एन्झाइमांच्या मदतीने घडवता येते असा दावा त्यात होता. नंतर तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा दाव्याप्रमाणे निष्कर्ष मिळेनात. प्रयोगवही तपासली, तर कळीच्या काही प्रयोगांच्या त्या त्या वेळच्या नोंदी आणि मूळ मोजमापेच सापडली नाहीत. २ जानेवारी २०२० रोजी निबंध मागे घेतला गेला. ही बातमी आर्नल्ड यांनी स्वतः समाजमाध्यमावर दिली, सर्वांची माफी मागितली, आणि निबंध पाठवला त्या काळात आपण इतर व्यापांत होतो, आपले काम आपण नीट केले नाही, असे स्पष्टपणे सांगितले.

ही बातमी वाचून एखाद्याला वाटेल की नोबेल मिळालेल्या व्यक्तीच्या प्रयोगशाळेत असे होत असेल, तर भरवसा ठेवायचा तरी कोणावर? प्रश्न रास्त आहे. माझ्या मते मात्र ही घटना विज्ञानावर विश्वास ठेवण्याच्या सबळ कारणांपैकी एक आहे. आज मी जे मांडणार आहे ते एका वाक्यात असे: एखाद्या शास्त्रज्ञाच्या विधानावर किती विश्वास ठेवावा हे त्याच्या पुरस्कारांवरून ठरत नाही, ते विधान खोडून काढण्याची संधी इतरांना किती मिळाली आणि त्या संधीचा त्यांनी कसा उपयोग केला यावरून ठरते. विज्ञानावरचा लोकांचा विश्वास डळमळतो आहे असे वाटले की आपण पुरस्कारप्राप्त शास्त्रज्ञांना पुढे करतो, त्यांच्या सह्यांची पत्रके काढतो, त्यांचे परिसंवाद भरवतो. २०१६ च्या जूनमध्ये शंभराहून अधिक नोबेलविजेत्यांनी जनुकबदल केलेल्या पिकांच्या, विशेषतः ‘गोल्डन राइस’च्या, बाजूने पत्र काढले आणि ते जगभर गाजले. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने याच पिकांवरच्या नऊशेहून अधिक संशोधनांचा आढावा घेऊन, जाहीर सुनावण्या घेऊन, विरोधकांचे म्हणणे ऐकून एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला होता. सह्यांमागचा पुरावा ज्यात होता त्या अहवालाकडे सामान्य वाचकाचे क्वचितच लक्ष गेले. सह्या करणाऱ्यांत भौतिकशास्त्रज्ञ होते, अर्थशास्त्रज्ञही होते. पिकांच्या सुरक्षिततेबद्दल त्यांचे मत बरोबर असू शकते. पण ते बरोबर असण्याचे कारण त्यांच्या पदकात शोधू गेलो, तर उद्या दुसऱ्या पदकधारकाने उलट मत दिल्यावर आपल्याकडे उत्तर उरत नाही.

आणि असे पदकधारक आहेत. पीसीआर ही आज प्रत्येक वैद्यकीय प्रयोगशाळेत वापरली जाणारी पद्धत ज्यांनी शोधली, त्या कॅरी मलिस यांनी एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच नाकारले. एचआयव्हीच्या शोधासाठी २००८ चे नोबेल मिळालेले ल्यूक मॉन्तान्ये पुढे डीएनएमधून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींविषयी असे दावे करू लागले, ज्यांना इतर प्रयोगशाळांतून आधार मिळाला नाही. ही उदाहरणे मी कोणाला कमी लेखण्यासाठी देत नाही. त्यांच्या मूळ शोधांचे मोल तसूभरही कमी होत नाही. पारितोषिक हे अनेक वर्षे तपासण्या सोसून टिकलेल्या एका विशिष्ट कामाला मिळालेले असते. ते त्या कामाबद्दल बरेच काही सांगते. त्या व्यक्तीच्या पुढच्या विधानाबद्दल मात्र ते फारसे काही सांगू शकत नाही, कारण त्या विधानाची तपासणी अजून व्हायची असते.

लायनस पॉलिंग यांच्याइतके या बाबतीत शिकवणारे दुसरे चरित्र मला माहीत नाही. रासायनिक बंधांचे स्वरूप उलगडणारा हा विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत मोठा रसायनशास्त्रज्ञ. १९५४ साली रसायनशास्त्राचे आणि अणुचाचण्यांविरुद्धच्या कार्यासाठी १९६२ सालचे शांततेचे, अशी दोन नोबेल पारितोषिके कोणाबरोबर वाटून न घेता मिळवणारी ती एकमेव व्यक्ती. १९७० साली त्यांनी सर्दी आणि क जीवनसत्त्व यांवर एक पुस्तक लिहिले आणि लाखो लोकांनी त्यांच्या शब्दावर या गोळ्या घ्यायला सुरुवात केली. पुढे स्कॉटलंडमधले शल्यविशारद यूएन कॅमेरॉन यांच्याबरोबर त्यांनी असा दावा केला की मोठ्या प्रमाणात क जीवनसत्त्व दिल्याने असाध्य अवस्थेतले कर्करुग्ण अधिक काळ जगतात. कॅमेरॉन यांच्या शंभर रुग्णांची तुलना जुन्या कागदपत्रांतल्या एक हजार रुग्णांशी केली होती. दोष इथेच होता. कोणते रुग्ण निवडले, ते आजाराच्या कोणत्या टप्प्यावर होते, त्यांची काळजी कशी घेतली गेली, या सगळ्यांतला फरक औषधाच्या गुणासारखा दिसू शकतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने कोणाला जीवनसत्त्व आणि कोणाला तशाच दिसणाऱ्या निष्प्रभ गोळ्या हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवून, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ते न कळू देता, तोंडावाटे देण्याच्या उपचाराची चाचणी घेतली. १९७९ च्या निष्कर्षांत काही फायदा दिसला नाही. पॉलिंग म्हणाले, या रुग्णांनी आधी केमोथेरपी घेतली होती, त्यामुळे त्यांची प्रतिकारशक्ती खचली होती. आक्षेप विचारात घेण्याजोगा होता. म्हणून मेयोने अशी केमोथेरपी न घेतलेल्या रुग्णांवर चाचणी पुन्हा केली. १९८५ साली निष्कर्ष तोच आला. पॉलिंग यांनी तोही मानला नाही.

त्याच वर्षांत पॉलिंग दुसऱ्या एका वादात उतरले होते. इस्रायलचे दान शेख्तमान १९८२ साली अमेरिकेत काम करत असताना, वेगाने थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने परीक्षण करत होते. त्यांना स्फटिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी अशक्य ठरवलेली दहा पदरी सममिती दिसली. त्यांचा निबंध छापून यायला १९८४ चा नोव्हेंबर उजाडला. पॉलिंग यांनी हे अनेक नेहमीचे स्फटिक एकमेकांत गुंतल्याने होणारा आभास आहे असे ‘नेचर’मध्ये लिहिले, आणि १९९४ साली निधन होईपर्यंत ते त्या मतावर ठाम राहिले. एका बाजूला दोन नोबेलांचा धनी, दुसऱ्या बाजूला फारसे कोणाला माहीत नसलेला एक संशोधक. निर्णय कोणी दिला? जपान आणि फ्रान्समधल्या गटांनी या पदार्थाचे मोठे, एकसंध नमुने वाढवून क्ष-किरणांनी तपासले आणि गुंतलेल्या स्फटिकांचे स्पष्टीकरण टिकेना. १९९२ साली आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेने स्फटिकाची व्याख्याच बदलली. २०११ साली शेख्तमान यांना नोबेल मिळाले. जीवनसत्त्वाच्या बाबतीत पॉलिंग यांचा शब्द लोकांनी लगेच उचलला आणि तो चुकीचा निघाला. स्फटिकांच्या बाबतीत त्यांच्या शब्दाने एका खऱ्या शोधाला काही वर्षे अवघड गेली. दोन्ही वेळा सत्य बाहेर आले, कारण त्यांचा शब्द अंतिम मानण्याची सक्ती कोणावरही नव्हती.

म्हणजे भरवसा शब्दाच्या मालकावर ठेवायचा नाही, तपासण्याच्या व्यवस्थेवर ठेवायचा. ही व्यवस्था चांगली असेल तर काय होते आणि घाई झाली तर काय होते, हे एकाच विषयातल्या दोन घोषणांमधून दिसते. १७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या ‘बायसेप-२’ या दुर्बिणीच्या गटाने पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले की विश्वाच्या जन्मानंतरच्या अतिशय अल्प क्षणातल्या महास्फीतीत निर्माण झालेल्या गुरुत्वलहरींची खूण सापडली आहे. निबंधाचे तज्ज्ञांकडून परीक्षण तोवर झालेले नव्हते. जगभर मथळे झळकले, नोबेलची चर्चा सुरू झाली. आपल्या आकाशगंगेतल्या धुळीमुळेही असाच संकेत मिळू शकतो अशी शंका इतर शास्त्रज्ञांनी लगेच घेतली. युरोपच्या ‘प्लांक’ उपग्रहाच्या मोजमापांशी ताडून पाहिल्यावर, वर्षही पुरे व्हायच्या आत, त्याच गटाला ‘प्लांक’च्या गटाबरोबर मान्य करावे लागले की त्या दाव्याला पुरेसा आधार नाही. इथेही व्यवस्थेने चूक पकडली, हे खरे. पण जी तपासणी घोषणेआधी व्हायला हवी होती ती घोषणेनंतर झाली, आणि सामान्य वाचकाच्या लक्षात एवढेच राहिले की शास्त्रज्ञ आज एक सांगतात आणि उद्या दुसरे.

आता गुरुत्वलहरी टिपण्यासाठी उभारलेले ‘लायगो’ पाहा. अमेरिकेत दोन ठिकाणी उभारलेल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या काटकोनी भुजांच्या या यंत्राला प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल टिपायची होती. इतक्या सूक्ष्म मोजमापात माणसाला हवे तेच दिसण्याचा धोका किती असतो, हे या विषयातल्या लोकांना चांगले ठाऊक होते. १९६९ साली जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या दंडगोलांच्या साहाय्याने गुरुत्वलहरी पकडल्याचा दावा केला होता आणि तो इतर कोणालाच पुन्हा सिद्ध करता आला नव्हता. म्हणून लायगोने स्वतःच स्वतःसाठी सापळा लावला. काही मोजक्या लोकांना गुपचूप खोटा संकेत यंत्रात घालण्याचा अधिकार दिला. बाकीच्यांना तो खरा की खोटा हे कळणार नव्हते. सप्टेंबर २०१० मध्ये असा एक संकेत आला. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने त्याचे विश्लेषण केले, पूर्ण निबंध लिहून तयार ठेवला, आणि मार्च २०११ मध्ये सर्वांसमोर बंद पाकीट उघडल्यावर कळले की तो मुद्दाम घातलेला खोटा संकेत होता. त्या सहा महिन्यांचे कष्ट वाया गेले असे मला वाटत नाही. खरा संकेत आला तर त्याला कोणकोणत्या कसोट्या लावाव्या लागतील, याची ती रंगीत तालीम होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाचा खरा संकेत आला, तेव्हा कोणी बाहेरून यंत्रणेत शिरून तो घातला नाही ना, इथपर्यंतच्या शक्यता तपासल्या गेल्या. पाच महिने गप्प राहून, निबंधाचे परीक्षण पूर्ण झाल्यावर, ११ फेब्रुवारी २०१६ रोजी घोषणा झाली, आणि त्या संकेताची मूळ आकडेवारी सर्वांसाठी खुली केली गेली. ती वापरून कोपनहेगनच्या एका गटाने पुढे विश्लेषणावर आक्षेपही घेतला. इतर गटांनी तो स्वतंत्रपणे तपासला. २०१७ साली राइनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना नोबेल मिळाले. मला या कथेत नोबेलपेक्षा ते बंद पाकीट मोठे वाटते. ज्यांना हे जाणवते त्यांना लायगोच्या निष्कर्षावर विश्वास ठेवण्यासाठी व्यापक सापेक्षतेची समीकरणे सोडवता येण्याची गरज नाही.

महाराष्ट्राचा या कथेशी थेट संबंध आहे. गोंगाटात दडलेला संकेत ओळखण्याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या आयुका या संशोधनसंस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले, आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभे राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. इतका सार्वजनिक पैसा खर्च होतो, तेव्हा हिंगोलीतल्या माणसाला विश्वाची भव्यता सांगणे पुरेसे नाही. आपले यंत्र फसू नये म्हणून शास्त्रज्ञ काय काय करतात, हे त्याला सांगायला हवे. ते त्याला समजते आणि त्यावर तो प्रश्नही विचारू शकतो.

आयुकाचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांच्या कामात माझ्या मुद्द्याच्या दोन्ही बाजू एकत्र भेटतात. पद्मभूषण, पद्मविभूषण, कलिंग पुरस्कार, महाराष्ट्रभूषण, साहित्य अकादमी: मराठी समाजाने शास्त्रज्ञ म्हणून इतके प्रेम क्वचितच कोणावर केले असेल. २००८ साली त्यांनी पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते यांच्या साहाय्याने फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या, अशा दोनशे जन्मपत्रिका सांकेतिक क्रमांक देऊन सीलबंद ठेवल्या. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते सांगायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवून जेवढे जमले असते तेवढेही नाही. निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये छापून आले. यात माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की ज्योतिषांना जिंकण्याची पूर्ण संधी होती. त्यांनी सत्तर-ऐंशी टक्के पत्रिका ओळखल्या असत्या, तर तोच निकाल तितक्याच प्रामाणिकपणे छापावा लागला असता. फलज्योतिषाला विरोध करणारी पत्रके अनेक नामवंतांनी काढली आहेत. त्या पत्रकांपेक्षा ही छोटीशी चाचणी मला अधिक मोलाची वाटते. विरोधी पत्रक काढणारा हरू शकत नाही, चाचणी घेणारा हरू शकतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. याच नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्यासह महास्फोटाच्या सिद्धांताला आयुष्यभर विरोध केला. स्थिर-स्थिती विश्वाची कल्पना त्यांनी लढवली, आणि १९९३ साली हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर तिचे सुधारित रूप मांडले. १९६५ साली सापडलेले विश्वाचे सूक्ष्मलहरी प्रारण आणि नंतरची तपशीलवार निरीक्षणे बहुसंख्य शास्त्रज्ञांना महास्फोटाच्या बाजूची वाटली, आणि आज विश्वशास्त्र त्याच चौकटीत चालते. मग नारळीकरांना मानणाऱ्या मराठी वाचकाने काय करायचे? त्यांचे ज्योतिषाविषयीचे म्हणणे स्वीकारायचे आणि विश्वोत्पत्तीविषयीचे नाकारायचे, यात विसंगती आहे का? मुळीच नाही. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच आहे. एका ठिकाणी पुरावा त्यांच्या बाजूने उभा राहिला, दुसऱ्या ठिकाणी तो बहुतांशी विरुद्ध गेला. त्यांच्या विरोधामुळे महास्फोटाच्या पुरस्कर्त्यांना आपले दावे अधिक काटेकोर करावे लागले, हा विज्ञानाचा लाभच आहे. आपल्याकडे थोर माणसाचे एक मत नाकारले की सगळा माणूसच नाकारल्यासारखे मानतात. नारळीकरांचा आदर करण्याची रीत त्यांच्या लेखनातच आहे: पुरावा मागा, माझ्याकडेसुद्धा.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की हे सर्व शास्त्रज्ञांपुरते ठीक. सामान्य माणूस क्ष-किरण विवर्तन तपासणार आहे का? त्याला शेवटी कोणाच्या तरी शब्दावर विसंबावेच लागते, आणि मग नोबेलविजेत्याचा शब्द भोंदूबाबाच्या शब्दापेक्षा बरा. विसंबावे लागते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण न्यायालयात आपण साक्षीदाराचा हुद्दा पाहून थांबत नाही, उलटतपासणीत त्याची साक्ष टिकली का ते पाहतो, आणि त्यासाठी आपण स्वतः वकील असावे लागत नाही. दाव्याची मूळ आकडेवारी इतरांना पाहायला मिळाली का, तो खोटा ठरल्याने ज्यांचा फायदा आहे त्यांना प्रयत्न करू दिला का, दुसऱ्या कोणाला तोच निष्कर्ष मिळाला का, काय दिसले तर आपण माघार घेऊ हे दावा करणाऱ्याने आधी सांगितले आहे का, पैसा कोणाचा आहे: हे प्रश्न दहावी झालेला माणूस विचारू शकतो आणि त्यांची उत्तरे समजू शकतो. भोंदू आणि शास्त्रज्ञ यांच्यातला फरक याच प्रश्नांत उघडा पडतो. पदव्या आणि पदके तर भोंदूही मिरवतो.

शिवाय लोकांच्या मनात नेमके काय आहे, हेही पाहू. २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ६८ देशांतल्या सुमारे ७२ हजार लोकांना शास्त्रज्ञांवरच्या विश्वासाबद्दल विचारले गेले. पाचपैकी सरासरी ३.६२ गुण मिळाले, म्हणजे विश्वास कोसळल्याची ओरड जगभराच्या पातळीवर तरी खरी नाही. तपशील अधिक बोलका आहे. शास्त्रज्ञ आपल्या कामात पात्र असतात असे सुमारे ७८ टक्के लोकांना वाटते. ते इतरांच्या मताकडे लक्ष देतात असे वाटणारे मात्र सुमारे ४२ टक्केच. पुरस्कारप्राप्त शास्त्रज्ञाला व्यासपीठावर उभे करून आपण त्याची पात्रता दाखवतो, जी लोकांनी आधीच मान्य केली आहे. शंका आहे ती त्याच्या ऐकण्याच्या वृत्तीबद्दल. तिथे आर्नल्ड यांच्या त्या छोट्या जाहीर निवेदनाने जे साधते, ते दहा सत्कार समारंभांनी साधणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विज्ञानातल्या चुका आणि मतभेद चारचौघांत मांडले, तर त्याचा फायदा विज्ञानाचे शत्रू घेतात. तंबाखू कंपन्यांनी हेच केले. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९५४ च्या जानेवारीत अमेरिकी कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत जाहिरात देऊन सांगितले की अजून काही सिद्ध झालेले नाही. शंका हाच त्यांचा माल होता. पण या इतिहासात एक पुरस्कारप्राप्त नावही आहे आणि ते विसरता येत नाही. आधुनिक संख्याशास्त्राचे जनक, सर ही पदवी आणि रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळालेले रोनाल्ड फिशर यांनी डॉल आणि हिल यांच्या निष्कर्षाला जाहीर विरोध केला. एखाद्या आनुवंशिक गुणामुळे माणूस धूम्रपानाकडेही वळत असेल आणि त्याला कर्करोगही होत असेल, असे त्यांचे म्हणणे होते. ते तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते. पदकाच्या तोलाने निकाल लावला असता, तर फिशर जिंकले असते. डॉल आणि हिल यांनी पदकाला पदकाने उत्तर दिले नाही. १९५१ साली त्यांनी सुमारे चाळीस हजार ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी नोंदवून घेतल्या आणि मग वर्षानुवर्षे कोणाचा मृत्यू कशाने होतो हे पाहत राहिले. सिगारेट जितकी जास्त तितका धोका जास्त, सोडल्यावर धोका कमी होत जातो, असे चित्र स्पष्ट होत गेले, आणि केवळ आनुवंशिकतेने त्याचा उलगडा होईना. शत्रू शंकेचा गैरवापर करतात म्हणून शंका लपवणे हा उपाय नाही. आपली शंका फिटण्यासाठी काय पुरावा लागेल हे शंका घेणाऱ्याला सांगायला लावावे. प्रामाणिक टीकाकार ते सांगतो. तंबाखू कंपन्यांनी ते कधीही सांगितले नाही.

तिसरा आक्षेप संकटकाळाचा. महासाथीत माणसे मरत असताना चाचण्या, फेरतपासण्या, चर्चा यांना वेळ कुठे आहे? तिथे तज्ज्ञाने सांगावे आणि आपण ऐकावे. या आक्षेपाला कोविडच्या काळाने उत्तर दिले आहे आणि ते उत्तर आपण पुरेसे लक्षात घेतलेले नाही. ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये ‘रिकव्हरी’ ही चाचणी सुरू झाली. पावणेदोनशे रुग्णालयांनी तीत भाग घेतला. तीन महिन्यांत, जूनच्या मध्यावर, तिने सिद्ध केले की डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुने औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. त्याच महिन्यात तिने हेही दाखवले की हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग होत नाही. घाई आणि पुरावा दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे यातून दिसते.

भारतातही असे काम झाले. बरे झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा दिल्याने फायदा होईल, ही कल्पना तर्काला धरून होती, मोठमोठ्या तज्ज्ञांना ती पटत होती, आणि महाराष्ट्रातही जून २०२० मध्ये ‘प्लाटिना’ या नावाने तिचा मोठा उपक्रम सुरू झाला होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एप्रिल ते जुलै २०२० या काळात, महासाथीच्या ऐन गर्दीत, ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर ‘प्लासिड’ ही चाचणी घेतली. प्लाझ्मा दिल्याने ना मृत्यू कमी झाले, ना आजार बळावणे थांबले. ऑक्टोबरमध्ये निबंध ‘बीएमजे’मध्ये छापून आला. आपल्याच देशाचे, आपल्याच रुग्णांवरचे, जगाने वाखाणलेले हे संशोधन होते. तरीही राष्ट्रीय उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. मधल्या काळात दुसऱ्या लाटेत हजारो कुटुंबे रात्री-अपरात्री प्लाझ्मादाते शोधत फिरत होती. ती वणवण ज्या माहितीने टळली असती, ती सहा महिने आधी छापलेली होती. नामवंतांचा अंदाज लोकांपर्यंत पोहोचला. चाचणीचा निकाल पोहोचला नाही. हे मला अत्यंत दुःखद वाटते.

कोव्हॅक्सिन या लशीची गोष्ट याच्या उलट आहे. ३ जानेवारी २०२१ रोजी तिला मर्यादित वापराची परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीतून परिणामकारकतेचे आकडे यायचे होते. रॉयल सोसायटीच्या फेलो झालेल्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ डॉ. गगनदीप कांग यांनी आकडेवारीविषयी उघडपणे प्रश्न विचारले. त्या वेळी अशा प्रश्नांना देशाच्या यशाला गालबोट लावणारे ठरवले गेले. त्याच महिन्यात दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांनी आम्हाला दुसरी लस द्या अशी विनंती केली. पुढे सुमारे २५,८०० स्वयंसेवकांवरच्या चाचणीत लशीची परिणामकारकता ७७.८ टक्के आढळली आणि नोव्हेंबरमध्ये तो निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. लस चांगली होती. पण आकडे येण्याआधी विश्वास मागितल्यामुळे एका चांगल्या लशीवर विनाकारण संशयाची छाया पडली. डॉ. कांग यांच्या प्रश्नांनी विश्वास कमी झाला असे म्हणणाऱ्यांना मी विचारेन: डॉक्टरांचा संकोच प्रश्नांमुळे होता की उत्तरांच्या अभावामुळे? पुरस्कारप्राप्त शास्त्रज्ञाने आपल्या प्रतिष्ठेचा कसा उपयोग करावा, याचा त्यांनी घालून दिलेला धडा आपल्याकडे पुढेही लागणार आहे. ज्येष्ठता नसलेल्या संशोधकाने असे प्रश्न विचारले असते, तर त्याची नोकरी धोक्यात आली असती. ज्यांचे कोणी काही बिघडवू शकत नाही, त्यांनी विचारले पाहिजे.

मग आपली बक्षिसाची पद्धत प्रश्न विचारण्याच्या या वृत्तीला पोषक आहे का? माझ्या मते, नाही. नोबेल एका विषयात तिघांपुरते मर्यादित आहे. लायगोच्या पहिल्या निबंधावर हजाराहून अधिक नावे होती. बढती, निधी, सन्मान सगळे नव्या दाव्याला मिळते, जुना दावा पुन्हा तपासणाऱ्याला काही मिळत नाही. परिणाम समोर आहे. २०१५ साली मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा केले, तेव्हा केवळ सुमारे ३६ टक्क्यांत पूर्वीसारखा ठोस निष्कर्ष मिळाला. कर्करोगाच्या मूलभूत संशोधनातले ५३ निबंध तपासायला घेतलेल्या गटाला त्यांपैकी २३ निबंधांतलेच प्रयोग पूर्ण करता आले. बहुतेक ठिकाणी मूळ निबंधात पुरेसे तपशीलच नव्हते. २०२३ या एका वर्षात जगभर दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले, आणि त्यांत बनावट निबंध विकणाऱ्या धंद्याचा मोठा वाटा होता. आपल्या विद्यापीठांत पीएचडीसाठी निबंध छापण्याची सक्ती होती तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ती सक्ती काढली, पण निबंध मोजण्याची सवय गेलेली नाही. आर्नल्ड यांच्यासारखे निबंध मागे घेणे आणि पकडले गेल्यावर काढून टाकावे लागणे, या दोन्हींना एकाच यादीत घालणे अन्यायाचे आहे. पहिल्यासाठी संशोधकाला दंड होत राहिला, तर कोणीही स्वतःची चूक सांगणार नाही.

भारत सरकारने २०२४ पासून राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार सुरू केले आणि त्यांत संघांसाठीही एक पुरस्कार ठेवला, हे योग्य झाले. पहिल्या वर्षी तो चांद्रयान-३ च्या संघाला मिळाला. त्याच्या शेजारी एक पुरस्कार आणखी हवा: ज्यांनी दुसऱ्याचा किंवा स्वतःचा दावा काटेकोरपणे तपासून तो टिकतो की नाही हे दाखवून दिले, त्यांच्यासाठी. प्लासिड चाचणी करणाऱ्या ३९ रुग्णालयांतल्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि संख्याशास्त्रज्ञांना तो पहिल्या वर्षी देता येईल. महाराष्ट्रातल्या एखाद्या विज्ञानसंस्थेने किंवा अशाच एखाद्या व्याख्यानमालेने सरकारची वाट न पाहता तो सुरू करावा, आणि ज्यांचा दावा खोडला गेला त्या शास्त्रज्ञांनाही त्याच व्यासपीठावर सन्मानाने बोलावून, आपला अंदाज कुठे आणि कसा चुकला हे श्रोत्यांना सांगण्याची विनंती करावी.